विसांचा पाढा

आपल्या शिक्षण खात्याला गणिताचं वावडं आहे, असं म्हणणाऱ्यांनी आधी माफी मागावी. खात्याचा एका आकड्यावर फार जीव आहे. तो आकडा वीस. गोंदिया जिल्ह्यात, जिथे अठरा-एकोणीस पोरांच्या शाळा गावोगाव आहेत, तिथे हे प्रेम उठता-बसता जाणवतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला डाळ २० ग्रॅम. शाळा टिकवायची की जवळच्या मोठ्या शाळेत ढकलायची, याची चर्चा निघाली की पट २०. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात राज्य अभ्यासक्रम आराखड्यातून अशी सवलत निघाली की दहावीला गणितात ३५ नसले आणि २० असले तरी चालेल. फक्त गुणपत्रिकेवर शेरा पडेल आणि अशा पोराला पुढे गणित-विज्ञानाची वाट बंद. गणित सोपं कसं करावं यावर जगभरची विद्यापीठं डोकं खाजवत बसली आहेत. आपण पंधरा गुण वजा केले आणि मोकळे झालो.

पण विसाचा खरा पराक्रम जून २०१९ चा. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, बावन्नच्या जोडीला ‘पन्नास दोन’ असं वाचन आलं. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर, अंकसिद्धांतात संशोधन केलेल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोराच्या कानावर ‘बावन्न’ पडतं तेव्हा दोन आधी येतात, आणि लिहिताना मात्र पाच आधी लिहायचे. त्यातून ५२ चे २५ होतात. वर त्र्याऐंशीसारखी जोडाक्षरं. जुने शब्द पुस्तकातून काढलेही नव्हते. पण पुस्तक उघडण्याआधी तोंड उघडायचं ही आपली जुनी परंपरा. मराठी बुडाली, संस्कृती बुडाली, असा आठवडाभर गजर झाला. विधानसभेत अजित पवारांनी तर मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’चीच फोड करून दाखवली. कोटी चांगली होती. दुसरीतल्या पोराला ५२ आणि २५ मधला फरक कळतो का, हा प्रश्न तेवढा हशात वाहून गेला.

आमच्या देवरी-सालेकशाकडच्या पोराला यात कसलं नवल? घरी गोंडी नाहीतर छत्तीसगढी, आठवडी बाजारात हिंदी, वर्गात मराठी, मोबाइलवर इंग्रजी. एका २१ ची चार नावं तो तशीही वागवतो. गोंडी ज्या द्राविडी घराण्यातली, त्याच घराण्यातली तेलुगू ‘इरवै ओकटि’ म्हणते, म्हणजे वीस एकच. तेवढ्यावरून आंध्र बुडाल्याचं ऐकिवात नाही. खेड्यातली म्हातारी माणसं ‘तीन विसा न पाच’ असं मोजत आली, त्यांच्यावरही कुणी मोर्चा नेला नाही. माझ्या कानाला ‘वीस एक’ आजही खटकतं, हे कबूल. पण नाव काहीही ठेवा हो. आधी दहाच्या दोन जुड्या आणि एक सुटी काडी पोराच्या हातात तर द्या.

गणित कसं शिकवावं हे काही गुपित नाही. काड्यांच्या जुड्या, शंभर मण्यांची माळ, खेळातल्या नोटा. इयत्ता न बघता ज्याला जेवढं येतं त्या गटात बसवून तिथून पुढे नेणं. ‘प्रथम’ संस्थेने हे देशभर करून दाखवलं. आणि चुकलेल्या उत्तरावर फुली मारायच्या आधी ‘हे कसं काढलंस रे?’ एवढं विचारणं. जिल्हा परिषदेच्या शाळांत हे सगळं जाणणारे गुरुजी आणि बाई आहेत. अडचण एकच: याला वेळ लागतो, आणि वेळेचा फोटो ॲपवर चढवता येत नाही.

आता मे महिन्याकडे या. तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे मायबापाबरोबर जंगलात गेलेलं चौथीचं पोर दुपारी छपरीत बसून पुडके बांधतं. (पोराने ते बांधावेत का, हा वाद वेगळा आणि महत्त्वाचा; पण तो घालणारे लोक मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी असतात.) एका पुडक्यात ७० पानं, मजुरी शेकड्यावर. दोन शेकडे पुडके म्हणजे चौदा हजार पानं, हे त्याला कागद न घेता कळतं. मुंशीने चार पुडके खराब म्हणून बाजूला काढले तर मजुरीतून किती गेले, हे तर मुंशीच्या आधी कळतं. मग शाळा उघडते. फळ्यावर २०० गुणिले ७० येतं आणि तेच पोर छताकडे बघत बसतं. आपण वहीत नोंद करतो: गुणाकार येत नाही.

ही फक्त आमच्या जंगलातली गोष्ट नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पोरांचा अभ्यास १९८५ साली छापून आला. बाजारात विचारलेले हिशेब ९८ टक्के बरोबर. तीच आकडेमोड कागदावर मांडून दिली तर ३७ टक्के. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत हेच पाहिलं. ‘नेचर’मध्ये ते २०२५ साली आलं. त्यात आणखी गंमत अशी की शाळेत गणितं सोडवणाऱ्या पोरांना बाजारातला हिशेब जमेना. दोन्ही गणितं एकाच आळीत राहतात आणि एकमेकांना ओळख देत नाहीत. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या पोरांपैकी ३०.७ टक्क्यांना भागाकार आला. उरलेल्यांत गुळाची ढेप पाच भावंडांत बरोबर वाटणारी किती असतील, हे पाहणीत येत नाही.

ओळख करून कोण देणार? पुस्तकात अजून तो जुना नळ टाकी भरतोच आहे. ज्या गावात नळ आहे पण पाणी नाही, तिथल्या पोराने हे कल्पनेनेच सोडवायचं. त्यापेक्षा आमचं गणित घ्या. धानात ओलावा १७ टक्क्यांवर नको. शंभर किलो धानातून सरकारी हिशेबाने तांदूळ ६७ किलो. घ्या, शेकडेवारीचा अख्खा धडा अंगणात पडलेला आहे. हमीभाव २०२५-२६ चा २,३६९ रुपये क्विंटल, तर २५ क्विंटलचे किती? एकोणसाठ हजार दोनशे पंचवीस. गेल्या पिढीतल्या माणसांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ असायची. औट म्हणजे साडेतीन. म्हणून हा प्रश्न त्यांच्या नावाने: औट एकराचा शेतकरी, तो बोलतो एकरात, सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये, २०२४-२५ चा धानाचा बोनस हेक्टरी २०,००० रुपये (पुन्हा वीस!), दोन हेक्टरच्या मर्यादेत. त्याला किती मिळतील? अडीच एकराचा हेक्टर धरा, अठ्ठावीस हजार. उपप्रश्न: खात्यात कधी जमा होतील? हा अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, सोडून द्यावा.

हे शिकवायला माणूस लागतो. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, आणि वर्ग पाच. दोन भागिले पाच; बाकी उरते ती पोरं. २०२४ साली ५ सप्टेंबरलाच, म्हणजे शिक्षकदिनी, शासन निर्णय निघाला की पट २० किंवा कमी असेल तिथे दोनपैकी एक शिक्षक पंधरा हजारांच्या मानधनावर कंत्राटी. पुढे त्याची फिरवाफिरव झाली, पण मुहूर्त साधणाऱ्याचं कौतुक केलंच पाहिजे.

आता हे गुरुजी मोजायचे कसे, ते पक्ष्यांच्या मोजणीवरून शिकू. राज्यात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः आमच्या जिल्ह्यात. दरसाल उन्हाळ्याच्या शेवटी त्याची गणना होते. स्वयंसेवक पहाटे वेगवेगळ्या तळ्यांवर, धानाच्या बांधांवर एकाच वेळी बसतात, एक पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. मोजणीचं इतकं शुद्ध तत्त्व सरकार-दरबारी दुसरीकडे दिसत नाही. गुरुजींची गणना या पद्धतीने करून पाहा. तेच गुरुजी शाळेच्या हजेरीपटावर, तेच मतदारयादीच्या कामावर, तेच सर्वेक्षणात, तेच गणित कसं शिकवावं याच्या प्रशिक्षणात. कागदावर चार, वर्गात शून्य. आणि दुपारी वर्गात सापडलेच तर पट १७ गुणिले तांदूळ १०० ग्रॅम अधिक डाळ २० ग्रॅम या नोंदीत गुंतलेले.

तेव्हा येत्या ग्रामसभेला जाल तर शाळेचा पट विचारू नका, तो गावाला पाठ आहे. गेल्या महिन्यात गुरुजी फळ्यासमोर एकूण किती तास उभे होते, एवढं विचारा. आकडा मिळाला तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि नाही मिळाला तर तेही लिहून घ्या.