टोपीचा नंबर २३

माझं पहिलं हेल्मेट मी एरंडोलच्या पुढे, रस्त्याच्या कडेला घेतलं. बांबूला दोरी बांधून तीसेक हेल्मेटं टांगली होती, मांडवाला भोपळे लागावेत तशी. पुढे पोलीस उभे आहेत ही बातमी समोरून येणारे दुचाकीवाले दिवे मिचकावून देत होते आणि विक्रेत्याने आपला बांबू नेमका त्या बातमीच्या अलीकडे रोवला होता. बाजारपेठेचा एवढा अचूक अभ्यास मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेला नाही.

"माप काय घ्यायचं?" मी विचारलं.

"मोठंच ल्या भाऊ. हवा खेळती राहास."

लहानपणी आई वाढत्या अंगाचे सदरे शिवायची. शेहेचाळिसाव्या वर्षी मी वाढत्या डोक्याचं हेल्मेट घेतलं. साडेतीनशे रुपये मोजले. हजाराची पावती आणि तीन महिने लायसन रद्द होण्याची धास्ती यापुढे साडेतीनशे म्हणजे काहीच नाही. नफ्यातच राहिलो असं वाटलं.

मी जळगावचा आणि नोकरी धुळ्यात. सोमवारी सकाळी जायचं, शनिवारी संध्याकाळी यायचं. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. त्याचा नंबर सरकारने बदलून ५३ केला त्याला बरीच वर्षं झाली, पण आमच्याकडे तो अजून 'सहा नंबर'च आहे. सासरी नाव बदललेल्या मुलीला माहेरी जुन्याच नावाने हाक मारतात तसा. तरसोद ते फागणे हा टप्पा चौपदरी करण्याचं काम इतकी वर्षं चाललं की त्या काळात माझ्या पुतण्याची मुंज, बारावी आणि साखरपुडा झाला.

तर ते हेल्मेट. बांभोरीच्या पुलावर गिरणेवरचा वारा त्यात शिरला की गिरणेची गिरणी व्हायची. दळण सुरू. पन्नासच्या पुढे काटा गेला की हेल्मेट पतंगासारखं वर उठायचं आणि पट्टा गळ्याला दोराप्रमाणे ताण द्यायचा. मी डावीकडे पाहिलं तरी ते सरळच बघायचं. एकदा पाळधीजवळ ट्रक शेजारून गेला तेव्हा तर ते उजवीकडे वळलं, मी समोरच होतो, आणि काही क्षण मला आतल्या स्पंजाची शिवण फार जवळून पाहायला मिळाली. त्याच सोमवारी धुळ्याच्या ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुम्ही सोमवारी माझ्याशी वरच्या पट्टीत का बोलता?" आता यांना काय सांगावं, की जळगावपासून कानात जे दळण चालतं ते अकरा वाजेपर्यंत थांबत नाही!

मग मी वाचायला लागलो. वाचून कळलं ते असं. साठ-पासष्टच्या वेगापुढे दुचाकीच्या इंजिनापेक्षा वाऱ्याचा आवाज मोठा होतो. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत तो शंभर डेसिबलच्या आसपास जातो आणि एवढा आवाज कानांनी दिवसातून पंधराएक मिनिटंच सोसावा, असं अमेरिकेतले आरोग्याचे जाणकार सांगतात. सहा नंबरवर शंभरचा वेग गाठायची सोय अनेक वर्षं नव्हती. म्हणजे खड्ड्यांनी आमची कंबर घेतली, पण कान वाचवले. हा हिशेब कुणी मांडत नाही.

दुसरं कळलं ते लॉरेन्सबद्दल. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा आमच्या पिढीने पाहिलेला आहे. त्याची सुरुवातच मोटारसायकलवरून होते. १९३५च्या मे महिन्यात सायकलवरच्या दोन पोरांना चुकवताना हा माणूस पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांना ते मरण लागून राहिलं. पुढे युद्धात मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या शिपायांच्या डोक्यांच्या जखमा त्यांनी अभ्यासल्या आणि १९४१ साली हेल्मेटच्या बाजूने निबंध छापला. अरबस्तानात कोण जिंकलं ते मी विसरलो, पण पंचवीस वर्षं उघड्या डोक्याने पारोळा ओलांडणारा मी त्या रात्री थोडा गप्प होतो.

तिसरी गोष्ट थर्माकोलची. आपल्याला वाटतं, वाचवतं ते वरचं कडक कवच. खरं काम आतलं थर्माकोल करतं. डोकं आपटलं की ते चेपतं आणि चेपताना धक्का पिऊन टाकतं. एकदा चेपलं की फुगत नाही, म्हणून पडलेलं हेल्मेट टाकून द्यायचं. अशा चेपणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटचं पेटंट अमेरिकेत १९५३ साली मिळालं. मी माझ्या हेल्मेटचा स्पंज उचकटून पाहिला. स्पंजाखाली थेट प्लास्टिक. टीव्हीच्या खोक्यात टीव्हीसाठी याहून जास्त थर्माकोल असतं!

मागे आयएसआयचा शिक्का मात्र ठळक होता. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकताच येत नाही. खऱ्या शिक्क्याच्या वर आयएस ४१५१ हा आकडा असतो आणि खाली सीएम/एल लिहून परवान्याचा क्रमांक. 'बीआयएस केअर' या ॲपवर तो टाकला की कंपनीचं नाव येतं. मी माझा टाकला. काहीच आलं नाही. नखाने खरवडला तर शिक्काच हातात आला, आणि त्याच्याखाली एक कार्टूनमधला कोळी होता.

माझे वडील, अण्णा, हे सगळं खाटेवरून बघत होते. अण्णांचं वय ७८, जन्म पारोळा तालुक्यातला, डोक्यावर आयुष्यभर गांधी टोपी. डोक्याबद्दल त्यांना जे काही ठाऊक आहे ते टोपीच्या दुकानातून आलेलं आहे.

"नंबर किती तुझा?"

"अण्णा, हेल्मेटला नंबर नसतो. मिलिमीटर असतं. ५६०, ५८०, ६००."

"डोक्याला नंबर असतो. माझा २३. तुझं डोकं माझ्यावर गेलंय, अक्कल नाही गेली."

त्यांनी सुतळी आणली, भुवयांच्या वर बोटभर आणि मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर तिथून फिरवली आणि पट्टीवर मोजली. २३ इंच. मी मोबाइलवर २५.४ने गुणलं : ५८४. म्हणजे ५८०चं हेल्मेट. आणि मी वर्षभर ६००चं घालून हवा खेळवत होतो. नंतर कंपन्यांचे तक्ते पाहिले, तर मापाची पद्धत हीच, फक्त सुतळीच्या जागी टेप. अण्णांना हे सांगितलं नाही.

"आणि एक लक्षात ठेव," ते म्हणाले, "टोपी दुकानात घालून पाहायची नसते, दुकानात घालून बसायचं असतं."

धुळ्याला आग्रा रोडवर एका दुकानात मी वीस मिनिटं हेल्मेट घालून स्टुलावर बसलो. ५८०चं. गाल असे दाबले गेले की तोंडाचा चंबू झाला. दुकानदार म्हणाला, असंच पाहिजे, गालाच्या गाद्या पुढे थोड्या बसतात. गालाला दाब चालतो, कपाळावर एकाच जागी ठणकलं तर मात्र ते डोकं त्या हेल्मेटचं नाही. मग त्याने पट्टा आवळला, मागून दोन्ही हातांनी हेल्मेट वर ढकलून पुढे काढायचा प्रयत्न केला. निघालं नाही. मी निघालो, स्टुलावरून. त्याने चहा मागवला होता. पूर्ण तोंडाच्या हेल्मेटात चहा पिता येत नाही हे दोघांनाही कप हातात आल्यावर कळलं.

तेवढ्यात आणखी गिऱ्हाइकं आली. त्यांपैकी एकाने मला नीट न्याहाळलं आणि दुकानदाराला विचारलं, "हाऊ पुतळा कितलाले शे?"

दुसऱ्याचा प्रश्न खरा खानदेशी होता. "यात थुंकता येतं का?" तंबाखू खाणाऱ्या माणसाला पूर्ण तोंडाचं हेल्मेट म्हणजे दर दोन किलोमीटरला संकट. त्याला दुकानदाराने हनुवटीसकट वर उचलता येतं असं हेल्मेट काढून दाखवलं. त्या जातीची हेल्मेटं साधारण जड असतात, सांधे असल्यामुळे वाराही जास्त शिरतो. पण गिऱ्हाइकाने हनुवटी तीनदा वरखाली केली आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तंत्रज्ञान आपल्यापर्यंत पोचतं ते असं.

मला शांत हवं होतं. दुकानदाराने शांतपणाचे अवयव दाखवले : काचेभोवती रबर घट्ट हवं, हवेच्या खिडक्या बंद होणाऱ्या हव्यात, हनुवटीखाली पडदा हवा, कारण वारा कपाळातून कमी आणि मानेखालून जास्त घुसतो. आतली गादी निघणारी, धुता येणारी. या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व मला डिसेंबरात कळलं. जळगावला शनिवारी रात्री हिरव्या मिरचीचं, लसणाचं, मळ्यात भाजलेल्या वांग्यांचं भरीत कळण्याच्या भाकरीशी खाल्लं; सोमवारी पहाटे उरलेलं, कारण शिळं भरीत जास्त चांगलं लागतं. बाहेर धुळ्याची थंडी. काच लावली तर श्वासाने धुकं धरायचं, उघडली तर नाक गारठायचं. काच लावून एरंडोल ते मुकटी मी माझ्याच भरिताच्या सहवासात गेलो. भरीत इतरांनी खाल्लेलं असलं तर त्रास होतो अशी माझी आजवर समजूत होती.

किंमत सांगत नाही. पहिल्याच्या जवळजवळ दहापट. घरी ते आणलं तेव्हा अण्णा म्हणाले, "या पैशात शंभर टोप्या आल्या असत्या." मग हळूच घालून पाहिलं. त्यांनाही बरोबर बसलं. म्हणाले, "२३च आहे."

उन्हाळ्यात मात्र ते हरलं. मे महिन्यात पारा ४५च्या घरात, आणि गाद्या गालाला गच्च. जळगाव ओलांडेपर्यंत डोक्याचं भरीत. इथे मला आमचा जुना रुमाल आठवला. आमच्याकडे शेतकरी मोठा पांढरा रुमाल मानेभोवती, कानांवर गुंडाळून उन्हातान्हात फटफटी चालवतो. पुण्याच्या पाहुण्यांना तो दरोडेखोर वाटतो. मी तो कानावर न घेता मानेला गुंडाळला, टोकं हेल्मेटच्या खालच्या कडेत खोचली. मान भाजायची थांबली हे अपेक्षित होतं. पण पाळधी गेल्यावर वाटलं, काहीतरी बिघडलं. आवाजच येईना! मानेखालच्या ज्या फटीतून वारा शिरायचा ती रुमालाने बुजली होती. परदेशात याच कामासाठी गळ्यात घालायच्या नळ्या विकतात. आमच्याकडे तो रुमाल बैलबाजारात मिळतो.

(हॉर्न मात्र ऐकू येतात. हेल्मेट वाऱ्याचा आवाज कमी करतं, ट्रकचा नाही. तसंही आमच्याकडे ट्रकचा हॉर्न कानाने ऐकायचा नसतोच, तो बरगड्यांना कळतो.)

शांतता पंधरा मिनिटं टिकली. मग एक 'खुळ्ळ... खुळ्ळ...' सुरू झालं. पारोळ्याच्या किल्ल्याजवळ थांबून मी हेल्मेट डावीकडून, उजवीकडून हलवलं. काही सैल नाही. पुन्हा निघालो. पुन्हा खुळ्ळ. त्यात एक 'चिक्-चिक्' मिळाला आणि खड्ड्यावर एक 'धडाम्'. दहापट पैसे देऊन घेतलेलं हेल्मेट, आणि त्यात वाद्यवृंद! फागण्यापर्यंत मी दुकानदाराशी मनात भांडण पूर्ण केलं होतं, पावतीसुद्धा कुठे ठेवली ते आठवलं होतं.

दुकानदाराने हेल्मेट कानाला लावलं, हलवलं, परत दिलं. मग बाहेर उभी असलेली माझी गाडी पाहिली आणि काही न बोलता समोरच्या गल्लीतल्या फिटरकडे बोट दाखवलं.

फिटर माझा ओळखीचा. त्याला मी आवाजांची नक्कल करून दाखवली. तो हसला.

"भाऊ, हाऊ आवाज दोन वरीसपाईन शे."

"मग आजवर मला कसा ऐकू आला नाही?"

"तुमना कानमा वारा व्हता. आमले येस ना ऐकू. तुम्ही गल्लीना तोंडले उनात की समजी जास."

साखळीचं कव्हर सैल, सायलेन्सरचा एक नट गायब, नंबरप्लेट एका स्क्रूवर. पण चिक्-चिक् नेमका कुठून येतो ते उभ्या गाडीवर सापडेना. "हेल्मेट द्या," तो म्हणाला, "मी एक फेरी मारीसन येस." त्याने ते डोक्यावर चढवलं, पट्टा लावला आणि पांझरेच्या पुलाकडे निघून गेला. त्यालाही नीट बसलं. खानदेशात सगळ्यांचीच डोकी २३ असावीत.

मी उघड्या डोक्याने गल्लीत उभा राहिलो. अकरा वाजत आले होते. साहेबांशी आज हळू बोलायचं ठरवलं होतं. पाचेक मिनिटांनी लांबून, आग्रा रोडच्या कोपऱ्यावरून आवाज आला : खुळ्ळ, चिक्-चिक्, धडाम्. गाडी अजून दिसतही नव्हती. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मान वर न करता एक कप विसळला, त्यात कमी साखरेचा चहा ओतला आणि हात लांब करून तो रस्त्याच्या दिशेने धरला.