सर्वसमावेशक डीबी
डीबीत जागा नाही म्हणून नव्या एसीला नकार देणारे वायरमन आता दुर्मीळ झाले, ही अभिमानाची बाब आहे. गीझरच्याच 16 अँपिअरच्या एमसीबीत एसीची वायर पिळून, टेस्टरने स्क्रू आवळून सहजीवनाचा आदर्श घालून दिला जातो. 3 किलोवॉटचा गीझर एकटाच 13 अँपिअर ओढतो. जोडीला एसी आला की एमसीबी थोडा वेळ सोसतो, मग पडतो. अशा असहिष्णूच्या जागी 32 चा बसवावा. वायर तीच, अडीच स्क्वेअर एमएमची. भिंत फोडायची कशाला? उगाच पडणारा आरसीसीबीही काढला, तर तिथे ओव्हनची सोय होते. आता काहीच पडत नाही. जळकट वास येतो खरा. त्यावर वायरमनने आपुलकीने सुचवलंय, एक्झॉस्ट फॅन लावून घ्या, लाइन याच एमसीबीतून काढू.