आईच्या टीव्हीवर माझा जीएसटी

दोन स्क्रीनवाल्या माणसाला समाजात एक वजन असतं. शेअर बाजारातली मंडळी, बातम्या देणारे, हिंजवडीत बसणारा माझा मावसभाऊ, सगळे सारखी डावीउजवीकडे मान फिरवत असतात आणि त्या फिरवण्याचाच त्यांना पगार मिळतो, अशी माझी अनेक वर्षं समजूत होती. मी महाडात करसल्लागार. म्हणजे बाजारपेठेतल्या दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरतो. माझी मान फक्त गिऱ्हाइकापुढे हलायची, आणि तीही होकारार्थी.

दुसरी स्क्रीन हवी, हे सांगायला कारण मात्र भक्कम होतं. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर टू-बी येतं. व्यापाऱ्याला माल देणाऱ्यांनी कुठली बिलं दाखवली, त्याची ती यादी. ती एकीकडे आणि व्यापाऱ्याचं खरेदीखातं दुसरीकडे ठेवून बिलाला बिल लावायचं, आणि २० तारखेच्या आत थ्री-बी हा रिटर्न भरून मोकळं व्हायचं. एकाच स्क्रीनवर हे करताना या खिडकीतून त्या खिडकीत जाईपर्यंत आकडा डोक्यातून निसटतो. हे कारण अगदी खरं आहे. मला मान फिरवायची होती, हेही खरं आहे. मॉनिटर घ्यायचा विषय काढला, तेव्हा बायकोने हॉलमधल्या बत्तीस इंची टीव्हीकडे नुसतं बघितलं आणि भाजी निवडायला घेतली.

एचडीएमआयची वायर आणली. टीव्हीच्या मागे डोकं घालून मी ओरडलो, "आलं का?" आणि आतून बायको म्हणाली, "काहीच नाही."

हा संवाद माझ्या रक्तात आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पण आमच्या आळीत टीव्ही यायला बरीच वर्षं गेली, आणि टीव्ही आला तरी चित्र येईलच असं नव्हतं. महाड चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. सिग्नल त्या डोंगरांवर आपटत, दमत कसाबसा आमच्या कौलांवर पोचायचा. त्याला पकडायला उंच पाइपावर अँटेना, आणि अँटेनाला धरायला मी. घरात मी सगळ्यात हलका, त्यामुळे कौलं फुटणार नाहीत असा हिशोब. खाली काका टीव्हीसमोर, दारात आई, अंगणात शेजारची पोरं, अशी निरोपांची साखळी. "मुंग्या!" "थोडं रायगडाकडे!" "गेलं, गेलं! मागे घे!" "पोलादपूरकडे नको रे, तिकडे नुसता आवाज येतो!" दिशांची नावं आमच्याकडे अशीच. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा तर माझं पद कायम झालं, कारण पाइपाला माझा हात लागलेला असला की चित्र स्वच्छ दिसायचं आणि हात काढला की प्रभू रामचंद्रांची तीन-तीन रूपं व्हायची. विज्ञानाच्या मास्तरांनी सांगितलं की माणसाचं शरीरही थोडंफार अँटेनाचं काम करतं. घरच्यांनी त्यातून मला खाली उतरवायचं नाही, एवढाच बोध घेतला. सीताहरण मी असं ऐकलेलं आहे. आळीतल्या वीस-पंचवीस माणसांनी ते माझ्या अंगातून पाहिलं, असं मी आजही लग्नकार्यात सांगतो, आणि ऐकणारे उठून जेवायला जातात.

असो. शेवटी चित्र आलं, पण कडा कापून. एक्सेलची वरची पट्टी छताकडे गेलेली, खालचं घड्याळ जमिनीकडे. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा वाकड्यातिकड्या यायच्या, म्हणून चित्र चौकटीपेक्षा जरा मोठं करून त्या लपवत. काच गेली, नळी गेली, तरी कडा कापायची खोड चपट्या टीव्हीलाही राहिली. सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' सापडलं, तेव्हा मला चोपन्न हजारांची बेरीज पहिल्यांदा पूर्ण दिसली.

अक्षरं मात्र फिसकटलेली. माझ्या लॅपटॉपवर जेवढे ठिपके, १३६६ गुणिले ७६८, तेवढेच या टीव्हीवर. जागा मात्र चौपट. एका घावनाचं पीठ चार घावनांच्या तव्यावर पसरलं की जाळी पडणारच. मालिकेतल्या सासूचा चेहरा त्या जाळीतून छान दिसतो. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा. त्यात आठ कुठला आणि बी कुठला, हे खुर्ची मागे घेतल्यावर कळायचं. जोडणीचं नाव बदलून 'पीसी' केल्यावर रंग जरा सावरले. माऊस मागून रेंगाळत यायचा, म्हणून 'गेम मोड' लावला. नेमका तो शब्द बायकोने वाचला.

आणि मान? ती डावीउजवीकडे फिरलीच नाही. टीव्ही इतका उंच लावलेला की खाली लॅपटॉप, वर टीव्ही, पुन्हा खाली लॅपटॉप. मी पुन्हा होकारच देत होतो.

पोलादपूरहून सासरे आले. प्रो-कबड्डी बघायला म्हणून मुद्दाम एसटी पकडून आलेले. समोर हिरव्या-पांढऱ्या चौकटी बघून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग विचारलं, "जावईबापू, चढाई कधी?"

खरी अडचण आईची. टीव्ही तिचा, सोफा तिचा, आणि तिला लांबचं माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. "एवढी उलाढाल? आणि गणपतीला वर्गणी एकशे एक?" गिऱ्हाइकाची गुपितं बत्तीस इंचांवर दाखवणं धंद्यात बसत नाही, म्हणून मी नावांचा रकाना लपवला. आई नुसत्या आकड्यांवरून माणसं ओळखू लागली. "जूनमध्ये उठाव, जुलैत थंड. छत्र्या-रेनकोटवाला." "हा घाटातला हॉटेलवाला. कशेडीचा बोगदा झाल्यापासून बघ कसा खाली आलाय." एवढं बोलून ती हळहळली, आणि मला रकाना परत दाखवावासा वाटला.

टीव्ही इतका उंच का, ते महाडकरांना विचारायची गरज नाही. आधीचा टीव्ही जुलै २०२१ च्या पुरात गेला. घरात पाणी खांद्यापर्यंत होतं, नवा टीव्ही आला तेव्हा आईने भिंतीवरची खूण दाखवली आणि म्हणाली, "हिच्या वर." त्याच दिवसांत आमच्या तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली होती. आपल्या टीव्हीबद्दल हळहळायचीही लाज वाटावी असे ते दिवस. बाजारपेठेतल्या चोपड्यांचा, बिलांच्या फायलींचा लगदा झालेला. जीएसटी कायद्याचं कलम १७(५) सांगतं की माल नष्ट झाला तर त्यावर घेतलेलं कराचं क्रेडिट परत करावं लागतं. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या दुकानदाराला हे वाक्य सांगून बघावं. मी सांगितलं. एकाने शांतपणे विचारलं, "पाण्याकडून काही बिल येतं का?" पोर्टलवर मात्र माल देणाऱ्यांनी भरलेली बिलं शाबूत होती. त्यावरून आम्ही एकेकाचं दुकान कागदावर पुन्हा उभं केलं. लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर माझं डोकं, दुकानदाराचं डोकं, त्याच्या मुलाचं डोकं, आणि एकेका ओळीला "हा होता… हाही होता." दुसऱ्या स्क्रीनची गरज मला त्या दिवसांत लागली. तेव्हा टीव्ही नव्हता.

हल्ली आई बिलं जुळवते. मी खालून लॅपटॉपवरचा आकडा वाचतो, ती सोफ्यावरून टीव्हीवरचा. मागच्या महिन्यात माल देणाऱ्याने एक बिल दोनदा चढवलेलं तिने पकडलं, मालिकेतली दुहेरी भूमिका ओळखावी तितक्या सहज. फी मागत नाही. फक्त साडेसातच्या मालिकेच्या वेळी पोर्टल चालू दिसलं, तर रोजचे पन्नास रुपये लेट फी लावते. सरकारचा दरही तोच आहे, हे तिला मीच सांगून बसलो. सरकार अधूनमधून माफीची योजना तरी काढतं.