प्रश्न विचारू नयेत, आकडे ऐकावेत

तुर्कमेनिस्तानला निघालोय असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "हे नक्की कुठे आलं?" आणि मग, "तिथे बघायला आहे काय?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. इराण आणि अफगाणिस्तानच्या डोक्यावर, कॅस्पियन समुद्राच्या काठाला, बहुतेक सगळं काराकुमचं वाळवंट. दुसऱ्याचं उत्तर तिथलं सरकार देतं. काय बघायचं, किती वेळ बघायचं आणि कॅमेरा कधी खिशात घालायचा हे सगळं आधीच ठरलेलं. आम्हाला व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागलं, निमंत्रणपत्रासाठी तिथल्या कंपनीची सहल घ्यावी लागली, आणि सहलीसोबत गाईड आली. ती विमानतळावर आम्हाला ताब्यात घेणार आणि विमानतळावरच परत सोडणार.

कंडक्टेड टूरने जग पाहिलेल्या मराठी माणसाला यात काही वावगं वाटत नाही. सहाला वेकअप कॉल, सातला नाश्ता, आठला बस, मागे राहील त्याची जबाबदारी त्याच्यावर, ही शिस्त आपण पदरचे पैसे मोजून वर्षानुवर्षं विकत घेत आलो आहोत. इथे फरक इतकाच, की टूर मॅनेजरच्या पाठीशी अख्खं राष्ट्र उभं असतं.

आमच्या गटात डोंबिवलीचे काका होते, बँकेतून निवृत्त झालेले. नाशिकच्या मावशी होत्या, त्यांच्या पिशवीत कायम काहीतरी खायला. पुण्याचं एक जोडपं होतं, त्यांनी सगळं आधीच वाचून ठेवलं होतं आणि ते वाचलंय हे कुणाला विसरू देत नव्हतं. गाईडबद्दल मी फार लिहिणार नाही. आम्ही परत आलो, तिला तिथेच नोकरी करायची आहे. गळ्याभोवती भरतकाम केलेला पायघोळ मखमली झगा आणि स्वच्छ इंग्रजी, एवढं पुरे.

अश्गाबातचा विमानतळच मुळी ससाण्याच्या आकाराचा आहे. पंख पसरलेला, पांढराशुभ्र, 2016 साली उघडलेला. वर्षाला 1 कोटी 40 लाख प्रवासी हाताळायची त्याची तयारी आहे. त्या दिवशी त्याने आम्हाला हाताळलं. एवढ्या मोठ्या दालनात मावशींच्या बॅगेचं एक चाक कुरकुरत होतं आणि तो आवाज चारही भिंतींना जाऊन परत येत होता.

बाहेर पडलो तर सगळं पांढरं. इमारती पांढऱ्या, दिव्याचे खांब पांढरे, मोटारीसुद्धा बहुतेक पांढऱ्या. 2018 च्या सुरुवातीला राजधानीत काळ्या गाड्या पोलिसांनी उचलायला सुरुवात केली आणि मालकांना रंग बदलून घ्यायला लावला. गाडी मळकी दिसली तरी दंड होतो. "लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटतंय," मावशी म्हणाल्या, "फक्त वऱ्हाड कुठेय?" शंका रास्त होती. सहापदरी रस्ते, कारंजी, वातानुकूलित बसथांबे आणि माणूस औषधाला नाही. वीस मिनिटं मी खिडकीतून गॅलऱ्या बघत होतो. एकाही गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल नाही, कुंडी नाही, टेकून उभी असलेली आजी नाही. दिसल्या त्या रस्ता झाडणाऱ्या बायका. चाळिशीला टेकलेल्या उन्हात तोंडाला फडकी गुंडाळलेल्या, फक्त डोळे उघडे. बस जवळ आली की त्या पाठ करून उभ्या राहत.

"इथे राहतं कोण?" काकांनी विचारलं.

"2013 साली गिनेस बुकात नोंद झाली," गाईड म्हणाली. "पांढऱ्या संगमरवराने मढवलेल्या इमारतींची जगातली सर्वाधिक दाटी. 543 नव्या इमारती, 45 लाख चौरस मीटरहून जास्त संगमरवर."

"ते झालं हो. पण टू बीएचके केवढ्याला पडतो?"

"संगमरवर इटलीहून आणला आहे."

इथे आम्हाला त्या देशाची रीत पहिल्यांदा कळली. प्रश्न कुठलाही असो, उत्तर म्हणून आकडा मिळणार. गर्दी इतकी कमी का, विचारलं की ध्वजस्तंभाची उंची: 133 मीटर. त्या भल्यामोठ्या इमारतीत काय चालतं, विचारलं की बंदिस्त जागेतला जगातला सर्वांत मोठा आकाशपाळणा, व्यास 47.6 मीटर, साल 2012. त्या पाळण्यात बसलो. तो आमच्यासाठी चालू केला आणि आम्ही उतरल्यावर बंद केला. चारी बाजूंनी भिंती असलेल्या पाळण्यात सर्वांत उंचावर गेल्यावर काय दिसतं, तर भिंत, जरा वरून. काकांनी तिकिटाला दिलेले पैसे मनातल्या मनात दोनदा मोजले.

काकांचं खरं घोडं अडलं ते चलनावर. तिथल्या चलनाचं नाव 'मनात', 2015 पासून सरकारी दर डॉलरला साडेतीन. बाहेरचा भाव याच्या कित्येक पट, हे पुणेकरांनी विमानातच कुजबुजून सांगितलं होतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची खाती तपासली त्याला हे पोटात ठेवणं जड जातं. भर जेवणात काकांनी मोठ्याने विचारलं, "मार्केट रेट काय आहे हो?" वाढणारा मुलगा हातात पुलावाचं ताट घेऊन होता तिथे थांबला. शेजारच्या टेबलावर चमचे थांबले. गाईडने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "आमच्या झेंड्यावर गालिच्याचे पाच नक्षीबंध आहेत. प्रत्येक एकेका टोळीचा." पुलाव मात्र चांगला होता. मटण, गाजर, तांदळाचा दाणा दाणा सुटा.

काकांवर दुसरं संकट आलं ते सकाळी. व्हॉट्सअ‍ॅप बंद, फेसबुक बंद, यूट्यूब बंद. काका सोसायटीच्या ग्रुपवर रोज पहाटे गुलाबाच्या फुलावर सुविचार टाकतात, गेली कित्येक वर्षं खंड नाही. पहिल्या दिवशी ते अस्वस्थ होते, दुसऱ्या दिवशी भकास दिसायला लागले, तिसऱ्या दिवशी त्यांनी लिफ्टमध्ये एका अनोळखी तुर्कमेन गृहस्थाला सुविचार तोंडी सांगितला. हॉटेलच्या खोल्यांमधलं बोलणं ऐकलं जातं असं सगळेच प्रवासी म्हणतात, खरंखोटं देव जाणे. पण तेव्हापासून काका दिव्याकडे तोंड करून "शुभ प्रभात" म्हणू लागले. कुणीतरी ऐकावं एवढीच त्यांची इच्छा होती.

आता थोडं राज्यकर्त्यांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय तिथे पानही हलत नाही. सोव्हिएत काळापासूनच सापरमुरात नियाझोव यांच्या हाती सत्ता होती, ती 2006 मध्ये मरेपर्यंत. त्यांनी स्वतःला 'तुर्कमेनबाशी', म्हणजे तुर्कमेनांचा प्रमुख, म्हणवून घेतलं. आपल्याकडे नेत्यांची नावं चौकांना देतात. यांनी 2002 मध्ये महिन्यांना दिली. जानेवारीला स्वतःचं, एप्रिलला आईचं. पावालाही आईचं. ऑपेरा, बॅले आणि सर्कस यांची त्यांनी सुट्टी केली, ध्वनिमुद्रित गाण्यावर नुसते ओठ हलवण्यावर बंदी घातली आणि सोन्याचे दात बसवू नका असं तरुणांना बजावलं. सोन्याचा त्यांचा स्वतःचा पुतळा मात्र 12 मीटर उंच. तो तिवईसारख्या कमानीवर बसवलेला आणि सूर्याबरोबर फिरणारा, म्हणजे उन्हाची तिरीप कायम साहेबांच्या तोंडावर. साहेब गेले, महिन्यांची जुनी नावं 2008 मध्ये परत आली, 2010 मध्ये कमान उचलून शहराबाहेर नेली. तिथे ती आधीपेक्षा उंच केली, 95 मीटर. पुतळा आता फिरत नाही. सूर्याला स्वतःच फिरावं लागतं.

त्यांनी 'रुहनामा' नावाचा ग्रंथ लिहिला. शाळेत तो, नोकरीच्या परीक्षेत तो, वाहन परवान्यालाही तोच. तीनदा वाचेल तो थेट स्वर्गात, अशी ग्वाही त्यांनी दिली होती. शहरात या पुस्तकाचं गुलाबी-हिरवं अवाढव्य स्मारक आहे. पूर्वी ते यंत्रावर उघडायचं आणि पानांवर दृश्यं दिसायची. आम्ही गेलो तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं. पुण्याच्या बाईंनी विचारलं, "आता कुणी वाचतं का?" गाईड म्हणाली, "2005 साली त्याची प्रत अवकाशात पाठवली होती." वाचकसंख्येच्या प्रश्नाला इतकं समर्पक उत्तर मी मराठी प्रकाशकाकडूनही ऐकलेलं नाही.

डोंगरात त्यांनी 37 किलोमीटरची सिमेंटची 'आरोग्यवाट' बांधली. वर्षातून एकदा मंत्रिमंडळाने तीवरून चालायचं आणि खुद्द अध्यक्षांनी हेलिकॉप्टरने पलीकडे उतरून धापा टाकणाऱ्या मंत्र्यांचं स्वागत करायचं. तिथे पोहोचल्यावर आमच्या बसमध्ये पहिल्यांदाच एकमताने कुणाचं तरी कौतुक झालं. ही योजना आपल्याकडे का आणत नाहीत, असा सूर निघाला.

त्यांच्यानंतर आले गुरबांगुली बर्दीमुहामेदोव, मूळचे दंतवैद्य. पूर्वसूरींचा सोस पुस्तकाचा, यांचा घोड्यांचा आणि कुत्र्यांचा. अखल-टेके जातीचे घोडे खरंच देखणे असतात, अंगावर धातूसारखी चमक. एप्रिलचा शेवटचा रविवार घोड्यांचा, ऑगस्टमधला दुसरा रविवार कलिंगड-खरबुजांचा. शहरात पांढऱ्या कड्यावर सोनेरी घोडा आणि त्यावर स्वार झालेले बर्दीमुहामेदोव आहेत. शिवाय 2020 पासून चौकात अलबाई जातीचा सहा मीटरचा सोनेरी कुत्राही उभा आहे. त्याच चौकात त्याच्या खालून शाळेतल्या मुली चालल्या होत्या, हिरवे पायघोळ झगे, दोन वेण्या, डोक्यावर नक्षीच्या टोप्या. अख्ख्या दिवसात दिसलेली हीच काय ती वर्दळ.

2013 मध्ये, अध्यक्ष असताना, हे घोड्यांच्या शर्यतीत स्वतः उतरले आणि पहिले आले. पहिले येणार हे घोड्यालाही माहीत असावं. पण रेषा ओलांडल्यावर घोडं जे अडखळलं ते धन्याला घेऊन जमिनीवर. सरकारी टीव्हीने विजय दाखवला, पडणं दाखवलं नाही. ते चित्रीकरण चोरून देशाबाहेर गेलं आणि जगाने पाहिलं. पुणेकरांनी हा विषय काढलाच. गाईड शांतपणे म्हणाली, "मघाशी सांगितलं ना, एप्रिलचा शेवटचा रविवार."

तिच्या आकड्यांना मी हसायला लागलो होतो, ते एका ठिकाणी थांबलं. शहरात एका बैलाचा काळा पुतळा आहे. बैलाच्या शिंगांवर पृथ्वीचा गोळा, गोळ्याला तडा, तड्यातून वर आलेली बाई सोनेरी मूल उंच धरते आहे. 6 ऑक्टोबर 1948 च्या भूकंपात अश्गाबात जमीनदोस्त झालं. नियाझोव यांची आई आणि भाऊ त्यात गेले, ते अनाथालयात वाढले. सोनेरी मूल तेच. मेले किती, हे सोव्हिएत सरकारने कित्येक वर्षं दाबून ठेवलं. पुढे एक लाखाच्या वरचे अंदाज आले. इथे आमच्यापैकी कुणी काही विचारलं नाही आणि गाईडनेही आकडा सांगितला नाही. ती चौथऱ्याजवळ उभी राहिली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि म्हणाली, "माझी आजी त्या रात्री अंगणात झोपली होती. म्हणून मी आहे."

मग 'दरवाजा' नावाच्या ठिकाणच्या जळत्या खड्ड्याकडे निघालो. अश्गाबातच्या उत्तरेला अडीचशेहून जास्त किलोमीटर, आणि शहर संपलं की रस्ताही संपतो. संगमरवर गेला आणि खड्डे आले. बसमध्ये एकदम घरच्यासारखं वातावरण झालं. वाळूतून धूळ आत आली, मावशींना ठसका लागला आणि गाईडने तोंडाला लावायची पट्टी दिली. पुण्याच्या गृहस्थांना राहवेना. त्यांनी सांगितलं की कोविडच्या साथीत या देशात अधिकृतपणे एकही रुग्ण सापडला नाही, पण 2020 च्या जुलैत सरकारने सगळ्यांना तोंड झाकायला सांगितलं, कारण हवेत धूळ फार. "धूळ आहेच की," मावशी खोकत म्हणाल्या. सरकारला आमच्या बसमध्ये एक तरी समर्थक मिळाला.

तो खड्डा रात्रीच बघावा. सुमारे सत्तर मीटर रुंदीचा, आम्ही गेलो तेव्हा तळापासून काठापर्यंत शेकडो जागी पेटलेला होता, काठावर उभं राहिलं की चेहरा भाजत होता आणि वारा फिरला की पळावं लागत होतं. सोव्हिएत अभियंते 1971 मध्ये गॅससाठी खोदत असताना जमीन खचली, विषारी वायू पसरू नये म्हणून पेटवून दिलं, थोड्या दिवसांत विझेल अशी अटकळ होती, अशी गोष्ट सांगतात. काही तुर्कमेन भूगर्भशास्त्रज्ञ तीही मानत नाहीत. त्यांच्या मते खड्डा आधीचा, आग नंतरची. 2019 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष बर्दीमुहामेदोव वारल्याची अफवा उठली तेव्हा सरकारी टीव्हीने त्यांना याच खड्ड्याशेजारी वाळूत मोटारीच्या गिरक्या घेताना दाखवलं. जिवंत असल्याचा दाखला आपल्याकडे पेन्शनर नोव्हेंबरमध्ये बँकेत देतात. काकांना ही पद्धत जास्त आवडली.

पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. ते काठावर उभं राहून आकडेमोड करत होते. "इतकी वर्षं, रात्रंदिवस. किती सिलिंडर झाले असतील?" त्यांनी गाईडला विचारलं. ती पहिल्यांदाच गप्प झाली. "याचा हिशेब ठेवलेला नाही," ती म्हणाली. काकांचा चेहरा पडला. तुर्कमेनिस्तानात 1993 पासून पाव शतक गॅस, वीज, पाणी आणि मीठ लोकांना फुकट होतं, 2019 मध्ये ते बंद झालं. काडीपेटीला पैसे पडतात म्हणून लोक शेगडी विझवतच नसत, अशी एक आख्यायिका तिथे ऐकू येते. याच देशातून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे पंजाबातल्या फाझिल्कापर्यंत 1,814 किलोमीटरची गॅसवाहिनी यायची आहे. 2015 च्या डिसेंबरात तिचं भूमिपूजन झालं, आपले तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. गॅस अजून आलेला नाही. मावशी म्हणाल्या, बुकिंग केलं की डिलिव्हरीला वेळ लागतोच.

जाणार असाल तर एप्रिल-मेमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, डॉलरच्या नोटा नव्या कोऱ्या न्या आणि गालिचा घेतलात तर निर्यातीचा दाखला आधी हातात घ्या, मग पैसे द्या. मुख्य म्हणजे खड्ड्यासाठी घाई करा. तो विझवण्याचा आदेश 2022 मध्ये निघाला आहे, आणि 2025 मध्ये तिथल्या सरकारी गॅस कंपनीने सांगितलं की आग पूर्वीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर आली आहे. संगमरवर कुठे जात नाही.