कोठार, कंट्रोलर आणि गट क्रमांक

साठवणुकीचा प्रश्न शिरूर तालुक्याला नवा नाही. घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, गावप्रमुखाचे असावे असे मानल्या जाणाऱ्या पाच खोल्यांच्या घराशेजारी एक धान्यकोठार आढळले. कोठारातील जव बाहेर काढण्यापूर्वी कोणता ड्रायव्हर टाकावा लागे, याविषयी उत्खनकांनी काहीही नोंदवलेले नाही. त्यावरून तत्कालीन व्यवस्था आजच्यापेक्षा प्रगत होती, असे अनुमान काढण्यास पुरेशी जागा आहे.

त्याच तालुक्यातील, शिरूर-चौफुला रस्त्यावरचे आणि घोडगंगा साखर कारखान्यामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे न्हावरे हे गाव आता धान्याखेरीज इतरही बरेच काही साठवते. दूध संकलन केंद्रावरच्या फॅटच्या नोंदी आणि पतसंस्थेची खाती यांना फारशी जागा लागत नाही. खरी जागा खातो तो लग्नाचे चित्रीकरण करणारा स्टुडिओ. हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन कॅमेरे आणि एक ड्रोन चालतो, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीचा मार्ग मोकळा केल्यापासून घाटातली धूळही त्यात जमा होते, आणि वधूवरांना मुले झाल्यानंतरही अल्बम न नेणारे यजमान असल्यामुळे यांतले काहीही पुसता येत नाही. मदरबोर्डवर डिस्क जोडण्याच्या जागा सहसा चार किंवा सहा असतात. त्या भरल्या की स्टोरेज कंट्रोलर कार्ड आणावे लागते. म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत बसणारी एक पट्टी, जी पुढे आणखी आठ डिस्का जोडून घेते आणि त्यांची ने-आण सांभाळते. या पट्टीशी कोणत्या भाषेत बोलायचे हे ऑपरेटिंग सिस्टीमला सांगणारा जो छोटा प्रोग्राम, तो ड्रायव्हर होय.

अशी कार्डे मोठ्या कंपन्यांच्या निवृत्त सर्व्हरमधून निघून जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, आणि विकत घेताना त्यांच्याविषयी सर्व काही कळते, फक्त ती कोण आहेत एवढेच कळत नाही. खोक्यावर डेल लिहिलेले असते, खोके नसल्यास विक्रेता आयबीएम सांगतो, आणि जिच्यावर खरे नाव छापलेले असते ती चिप हीट सिंकखाली डिंकाने चिकटवलेली असते. डेलचे पर्क एच२०० आणि आयबीएमचे एम१०१५ ही दोन्ही कार्डे एलएसआय या तिसऱ्याच कंपनीच्या सॅस२००८ या एकाच चिपवर बांधलेली आहेत. ही एलएसआय २०१४ मध्ये अव्हागोने विकत घेतली आणि २०१६ मध्ये अव्हागोने ब्रॉडकॉम विकत घेऊन तिचेच नाव धारण केले. अडॅप्टेकचा प्रवास याहून दीर्घ असून ती २०१० मध्ये पीएमसी-सिएराकडे, २०१६ मध्ये मायक्रोसेमीकडे आणि २०१८ मध्ये मायक्रोचिपकडे गेली. ड्रायव्हर शोधावयास बसलेला मनुष्य रात्री अकराच्या सुमारास उद्योगजगताचा इतिहास वाचत असतो, तो यामुळेच.

ज्याने तलाठी कार्यालयाचा उंबरठा झिजवला आहे, त्याला मात्र हा प्रकार चटकन समजतो. बांधावर ज्याला पिढ्यानपिढ्या आंब्याचा मळा म्हणतात त्याची सातबाऱ्यावर तशी नोंद नसते. फेरफारांनी मालकाचे नाव कितीही वेळा बदलले तरी उतारा निघतो तो गट क्रमांकावर. कार्डालाही असे दोन क्रमांक असतात, एक निर्मात्याचा आणि एक उपकरणाचा, आणि ऑपरेटिंग सिस्टीम मुख्यतः पाहते ते हेच. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, डिटेल्स या पानावर हार्डवेअर आयडी निवडल्यास ते दिसतात. एलएसआयचा निर्माता-क्रमांक १०००, अडॅप्टेकचा ९००५, तर इंटेलने ८०८६ हा, १९७८ साली आलेल्या आपल्याच प्रोसेसरचा आकडा घेतला आहे. इतका कुलाभिमान त्या क्षेत्रात अन्यत्र क्वचितच आढळतो.

क्रमांक जुळला की ड्रायव्हर चालतो, असे येथे म्हणता आले असते. परंतु २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ या प्रणालीत एमपीटी३सॅस हा ड्रायव्हर जागेवर ठेवून त्याच्या यादीतून सॅस२००८ चा क्रमांक वगळण्यात आला. कार्ड ठणठणीत आणि ड्रायव्हरही हजर, तरी दोघांची ओळख नाही. नवी आवृत्ती म्हणजे चांगली आवृत्ती, हा समज त्यामुळे या प्रांतात तरी टिकत नाही.

चुकीच्या निवडीचे फळ लगेच मिळते. विंडोज सुरू होता होता निळ्या पडद्यावर ७बी हा दोष-क्रमांक झळकतो, ज्याचा भावार्थ असा की ज्या डिस्कवरून ड्रायव्हर वाचायचा, ती डिस्क वाचण्यासाठीच तो ड्रायव्हर हवा आहे. विंडोज एक्सपीच्या काळात यावर रूढ उतारा असा होता: सेटअपच्या आरंभी, पडद्याच्या तळाशी काही क्षणच दिसणारी ओळ ओळखून एफ६ ही कळ दाबणे आणि मागितल्यावर फ्लॉपी घालणे. ड्रायव्हर फ्लॉपीवरूनच घेतला जाई, आणि चहाचा घोट घेण्यात ती ओळ हुकली तर सगळे पहिल्यापासून. व्हिस्टापासून पेन ड्राइव्ह चालू लागला, सोनीने मार्च २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली, तरी इंटेलच्या स्टोरेज ड्रायव्हरच्या फोल्डरचे नाव ‘f6flpy’, म्हणजे एफ६ फ्लॉपी, असेच राहिले. कळ गेली, फ्लॉपी गेली, फोल्डर आहे.

ही पीडा कार्डवाल्यांपुरतीच उरलेली नाही. २०२० मध्ये आलेल्या इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, आणि तो चालू असला की विंडोजच्या सेटअपला अनेकदा डिस्क दिसतच नाही. तेव्हा क्रम असा ठेवावा: प्रथम विंडोजमध्ये अंगभूत असलेला ड्रायव्हर चालतो का ते पाहावे, न चालल्यास लॅपटॉपसाठी लॅपटॉपच्या कंपनीचा आणि सुट्या कार्डासाठी चिपच्या आजच्या मालकाचा घ्यावा, सगळे ड्रायव्हर एका टिचकीत अद्ययावत करून देणाऱ्या फुकट प्रोग्रामांना दारातूनच नमस्कार करावा. जुने विंडोज पुसण्यापूर्वी हार्डवेअर आयडी कागदावर उतरवून ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्यावा, आणि डिस्कवर कोणाचे लग्न असेल तर आधी त्याची दुसरी प्रत काढावी, कारण ड्रायव्हर पुन्हा मिळतो, वऱ्हाड पुन्हा जमत नाही.