काटा बिघडलाय जी!

मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा उरकली तरी बहिणीकडचा मुक्काम मी लांबवतो, हा माझा जुना नेम. विदर्भाचं खजुराहो म्हणतात त्या देवळाच्या भिंतींवरच्या सडपातळ मूर्ती मी शर्ट खाली ओढतच पाहतो. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते आणि मामा आला की चार वर्षांचा भाचा दुकानाकडे.

"भाऊ, लेकरू जेवतच नाही," बहीण रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, माझ्यावर सोड. पुरवणीतले आहारावरचे दोन लेख मी वाचलेले, त्यातला एक तर पूर्ण.

सकाळी चहात बुडवून चार बिस्किटं, नऊ वाजता पाच रुपयांचा मसालेदार पुडा. त्यात निम्मी हवा असते, म्हणून मग दुसरा. अंगणवाडीत खिचडी वाढायच्या वेळी गडी ताटलीत बोटाने रेघोट्या ओढत बसे. मी बाहेरून कौतुकाने बघायचो. चित्रकार होणार!

वजनाच्या दिवशी मीच त्याला घेऊन गेलो. १२ किलो ४०० ग्रॅम. अंगणवाडीच्या बाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं: या वयाच्या मुलाचं वजन १२.७ किलोच्या खाली म्हणजे कमी. मधला आकडा १६.३.

मामाचा अपमान! "काटा बिघडलाय," मी जाहीर केलं. अंगणवाड्या चालवणारी बालविकास योजना १९७५ ची, काटाही तेव्हाचाच असणार, असा माझा युक्तिवाद. काटा डिजिटल होता, ही क्षुल्लक बाब. बिघाड सिद्ध करायला मी स्वतःच वर चढलो. घरी मी ब्याऐंशी सांगतो.

एक्याण्णव.

"थांबा, खिशात सामान आहे," म्हणत मी खिसे रिकामे करू लागलो. मोबाइल. किल्ल्या. मग दोन मसालेदार पुडे. त्यातला एक फोडलेला, आणि तो मीच फोडलेला. आतापर्यंत शहाण्यासारखी ओळीत बसलेली सगळी पोट्टी माझ्या गुडघ्यांना येऊन चिकटली. काटा एक्याण्णवावरून हलला नाही.

"काटा तं बरोबर दिसते जी," मदतनीस बाई पदराआड हसल्या.

बाई मात्र हसल्या नाहीत. "लेकराचं पोट एवढंसं असते, भाऊ," त्यांनी मूठ दाखवली. "चाय-बिस्कुटानं भरलं का भाताले जागा कुठं? थोडं थोडं द्या, पण दिवसातून पाच खेपा. वरून तेल-तूप सोडा." माझी मूठ मी हळूच पाठीमागे नेली. तिच्यात पुडे होते.

अंगणवाडी ते घर दीडशे पावलं. तेवढ्यात बातमी माझ्या पुढे गेली. भाऊजी दारातच उभे. "एक्याण्णव का जी?"

रात्री बहिणीने मामा-भाच्याला एकाच ताटात वरण-भात वाढला. तुपाची धार अख्खी भाच्याच्या बाजूला पडली. मी बोटाने थोडी इकडे ओढायला गेलो, तर तो ओरडला, "आई, मामा रेघोट्या ओढून राहिला!"