जीपवाले काका

जुन्या जीपचा मालक सकाळी उठल्यावर गाडीकडे नाही, गाडीखालच्या पुठ्ठ्याकडे पाहतो. पुठ्ठा फ्रिजच्या खोक्याचा. सोसायटीच्या सेक्रेटरींशी झालेल्या तहातलं ते एक कलम. रात्रीतून पडलेल्या डागावर काका बोट फिरवतात, अंगठ्याने चोळतात आणि नाकाशी नेतात. काळं, पातळ असेल तर इंजिनचं. दाट, चिकट, गंधकासारखा दर्प मारणारं असेल तर 90 नंबरचं, म्हणजे गिअरबॉक्स नाहीतर ट्रान्सफर केस. “ट्रान्सफरच,” काका पुटपुटतात आणि चेहऱ्यावर समाधान पसरतं. नंतर त्याच बोटांनी ते चहात बिस्किट बुडवतात, म्हणून घरात त्यांचा कप वेगळा ठेवलाय.

हे काका पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठेही भेटतात. वय पन्नाशीच्या पुढे, शर्टाची कोपरं काळी. “गाडी कितीला पडली?” एवढंच विचारणाऱ्याला ते 1947 पासून सांगायला घेतात, कारण त्या साली महिंद्रने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. विचारणारा पुन्हा विचारत नाही.

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला लोखंडी डबा. इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वाटून द्यायची हे त्याचं काम. दोन शाफ्ट बाहेर निघतात, म्हणजे दोन ऑइल सील आली. शिवाय लिव्हरच्या दांड्या, झाकणाचं पॅकिंग, ड्रेन प्लग. गळायला जागाच जागा.

खरी मेख वेगळीच आहे. विलीजच्या घराण्यात हँडब्रेक चाकांवर नसतो, या डब्यामागच्या शाफ्टवर असतो. मागचं सील गळलं की तेल थेट ब्रेकवर. लायनर भिजला की लिव्हर कितीही ओढा, उतारावर गाडी आपली निघाली. म्हणून काकांकडे दगड असतो: ठरलेला, हातात नीट बसणारा, मागच्या सीटखाली जपून ठेवलेला. ताम्हिणीत गाडी थांबली की आधी दगड, मग चहा. काकू दार उघडण्यापूर्वीच विचारतात, “अहो, दगड लावलात का?” तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न “जेवलात का?” पेक्षा जास्त वेळा विचारला गेला असावा.

तसं पाहिलं तर दुरुस्ती एका दुपारची. खुणा करून शाफ्ट उतरवायचा, नट सोडून फ्लँज ओढायचा, जुनं सील उचकटायचं आणि नव्याचा ओठ तेलाच्या बाजूला ठेवून ते सरळ ठोकून बसवायचं. नमुना दाखवला की नाना पेठेत सील मिळतं. काका ते बदलतात. आठवड्याभरात पुठ्ठा पुन्हा ओला.

मग रविवारी मित्रमंडळ जमतं. एक म्हणतो, सील डुप्लिकेट. दुसरा म्हणतो, जुन्या सीलने फ्लँजवर खाच पाडलीय, नवं तिथे टेकणारच नाही. हे पुष्कळदा खरंही असतं. तिसरा चष्मा पुसत म्हणतो, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरच्या मधलं सील गेलंय. तिकडचं तेल इकडे येऊन ओसंडतंय आणि गिअरबॉक्स कोरडा पडतोय. हे निदान काकांना सर्वांत आवडतं, कारण त्यात सगळंच खाली उतरवावं लागतं.

शेवटी उस्तादांना बोलावणं जातं. उस्ताद फार बोलत नाहीत. डबा रॉकेलने धुतात, सुकवतात, वर टाल्कम पावडर मारतात आणि सांगतात, “साहेब, एक चक्कर मारून या.” काका परततात तेव्हा पांढऱ्या पावडरीवर मागच्या सीलपासून निघालेली ओली रेघ स्पष्ट दिसते. म्हणजे सीलच. पण उस्ताद सीलला हात लावत नाहीत. ते डब्यातली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर काढून फुंकतात. हवा जात नाही. मागच्या पावसाळ्यातला चिखल आत घट्ट बसलेला. डबा तापला की आतली हवा फुगते, वाट सापडत नाही, मग ती सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलते. तारेने भोक मोकळं होतं, मग नवं सील बसतं. ब्रीदरचे पैसे उस्ताद घेत नाहीत, आणि काकांना वाईट वाटतं ते त्याचंच. इतक्या चर्चेला निदान शंभर रुपयांचा तरी मान हवा होता.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी काका न राहवून लेव्हलचा प्लग काढतात आणि आत बोट घालून पाहतात. तेल काठोकाठ. आता सकाळी करायचं काय?

शेजारच्या देसाईंच्या मुलाने नवी थार घेतलीय.

“खालून जरा बघू का रे?”

“काका, अजून वॉरंटीत आहे,” मुलगा म्हणतो. पण तोवर काकांचे फक्त पाय बाहेर उरलेले असतात.